36 फोटो आणि काचेचं कौल

नमस्कार श्रोतेहो.

आज रोलच्या कॅमेऱ्याबद्दल बोलायचंय. कपाटाच्या वरच्या फळीवर, चामडी कव्हरात, एखादा तुमच्याकडेही पडून असेल. पाऊस जवळ आलाय, तर आधी तो खाली काढा. आपल्या दमट हवेत भिंगावर बुरशी धरते, कोळ्याच्या जाळ्यासारखी. तांदळाच्या डब्यात मात्र ठेवू नका, कोंडा आत शिरतो. घट्ट झाकणाचा डबा आणि सिलिका जेलच्या पुड्या, बस्स.

एका रोलमध्ये फोटो 36. फक्त 36. हल्ली मोदकाच्या एका ताटाचे त्याहून जास्त निघतात! मोदक गरम असताना फोडावा, वर तूप सोडावं. फोटो होईपर्यंत तूप थिजतं आणि जेवणारा उपाशी. असो. 36च आहेत म्हटल्यावर माणूस बटण दाबण्याआधी बघतो. माझ्या काकांच्या कॅमेऱ्याला उजेड मोजणारा मीटर नव्हता. त्यांचं गणित तोंडपाठ करून घेतलेलं: 100ची फिल्म, कडक ऊन, भिंगाचं छिद्र 16 (आकडा मोठा, छिद्र लहान), वेग सेकंदाचा 125वा भाग. ढग आले, 8. सावलीत गेलात, 4. सोळा आणि चार, म्हणजे उजेड सोळापट कमी! आठवड्याभरात मी कॅमेरा नसतानाही अंगणातून पडवीत शिरताना ‘सोळा, चार’ पुटपुटायला लागलो.

आता ती गोष्ट. मालवणजवळचं आमचं जुनं घर, मे महिना, मी कॉलेजात. काकांनी कॅमेरा दिला, एक ब्लॅक अँड व्हाइट रोल दिला आणि बजावलं, ‘महिनाभर पुरव.’

स्वयंपाकघराच्या छपरात एक काचेचं कौल होतं. त्यातून उन्हाचा खांब खाली यायचा. चुलीच्या धुरामुळे तो अक्षरशः दिसायचा, वाटायचं हात लावावा. आजीचं ते घड्याळ. उन्हाचा तुकडा जात्याच्या खुंट्याला लागला की ती तांदूळ वैरायची. इतकी वर्षं त्या घरात जेवलो, पण हे मला दिसलं रोल हातात आल्यावर. मेच्या पहिल्या आठवड्यात आपल्याकडे सूर्य बरोबर डोक्यावर येतो, दुपारी साडेबाराच्या सुमारास आपली सावली पायाखाली जाते. त्या दिवसांत तो खांब सरळ उभा, आणि थेट आजीच्या हातांवर. ती कोकमाची सोलं निवडत बसलेली. कॅमेरा पिठाच्या डब्यावर टेकवला, श्वास धरला, एकच काढला. चौदावा.

सातवा होता रापणीच्या, म्हणजे किनाऱ्यावर ओढायच्या मोठ्या जाळ्याच्या दोराचा, त्यावर सुकलेल्या मिठाचा. बाविसावा, एसटीच्या खिडकीच्या गजावर झोपलेल्या पोराच्या गालाचा. छत्तीस झाले. मग सदतीस, अडतीस. वाटलं, नशीब, जास्तीचे मिळाले.

स्टुडिओतून रोल धुऊन आला तो काचेसारखा स्वच्छ. कडेला छापील आकडे, 1 ते 36, आणि मध्ये काही नाही. फिल्मचं टोक ती गुंडाळणाऱ्या स्पूलच्या खाचेत अडकलंच नव्हतं. चूक माझी. म्हणून श्रोतेहो, रोल भरलात की पुढे सरकवताना डाव्या बाजूची चावी फिरते का बघा. पुन्हा सांगतो, डाव्या बाजूची चावी. फिरली तर रोल चाललाय. नाही फिरली, तर तुम्ही हवा भरताय.

पण ते छत्तीसही मला आजही क्रमाने सांगता येतात. फोनमधले गेल्या आठवड्याचे विचारा, एक आठवत नाही.

जूनमध्ये आजीला तोंड दाखवायला गेलो. तिने विचारलं, ‘झिला, फोटो इले काय रे?’

‘नाय इले, आजी. परत काढतंय.’

तिने छपराकडे बघितलं. बाहेर धो धो पाऊस, कौल काळंठिक्कर. म्हणाली, ‘आता खंयचा ऊन? दसऱ्याक ये.’

हल्ली तिथे स्लॅब आहे. गावात सगळीकडेच स्लॅब, आणि दुपारी आत भट्टी. त्यावर वर पत्र्याची शेड घालतात, मग पावसात एकमेकांचं बोलणं ऐकू येत नाही. तो विषय वेगळा.

दसऱ्याला गेलो. चावी तीनदा पाहिली, फिरत होती. तोवर सूर्य दक्षिणेकडे कललेला, उन्हाचा तुकडा दोन-अडीच हात उत्तरेला सरकलेला. आजी मात्र लग्नातलं लुगडं नेसून, पाठ ताठ करून, जुन्याच जागी काळोखात. म्हटलं, ‘आजी, जरा तिकडे सरक ना, उजेडात.’

‘माजी जागा ही,’ ती म्हणाली.

तो फोटो माझ्याकडे आहे. मधोमध रिकाम्या जमिनीवर लखलखीत ऊन, आणि कडेला अंधारात, नीट बघितलं तर, आजी.