पार्सल हरवले, दावा कोणावर?

मित्रहो, पार्सल हरवले की सर्वांत आधी 'ते कुठे हरवले?' असे विचारले जाते आणि मग ट्रॅकिंगचे पान तासातासाला उघडून पाहण्यात पहिले काही दिवस निघून जातात. भरपाई मागायची असेल तर हा प्रश्न दुय्यम आहे. ते पार्सल पोहोचवण्याचा करार कोणी कोणाशी केला होता, हे आधी ठरवावे लागते, कारण दावा कराराच्या वाटेने चालतो, पार्सलच्या वाटेने नव्हे.

एक व्यवहार समोर ठेवू. येवल्याच्या एका विणकर बाईंनी ऑनलाइन बाजारपेठेवर 18,000 रुपयांची पैठणी विकली आणि नागपूरच्या ग्राहक बाईंनी पैसे आगाऊ भरले. वाटेत पार्सल गहाळ झाले. ग्राहक बाईंचा कुरिअर कंपनीशी कोणताही करार नाही, त्यामुळे त्यांनी कुरिअरच्या कार्यालयात खेटे घालण्याचे कारण नाही. त्यांचा दावा विक्रेत्यावर आणि बाजारपेठेवर आहे. 23 जुलै 2020 रोजी अधिसूचित झालेल्या ई-कॉमर्स नियमांनुसार बाजारपेठेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याने 48 तासांत तक्रारीची पोच द्यायची असते आणि महिनाभरात तिचे निवारण करायचे असते. सांगितलेल्या मुदतीनंतर माल आला तरीही, उशिराचे कारण आवाक्याबाहेरची आपत्ती नसेल तर, विक्रेत्याला परतावा नाकारता येत नाही. मग जो माल आलाच नाही त्याचे पैसे अडवून ठेवण्याला कोणता आधार उरतो? 'आम्ही केवळ मध्यस्थ आहोत' असे उत्तर आले, तर विक्रेत्याचे नाव-पत्ता लेखी मागावा. खरेदी झाल्यानंतर ही माहिती देणे बाजारपेठेवर बंधनकारक आहे.

हाच व्यवहार व्हॉट्सअॅपवर परस्पर झाला असता, तर गुंता वाढला असता. 1930 च्या मालविक्री कायद्याच्या कलम 39 नुसार विक्रेत्याने माल वाहतूकदाराच्या हवाली केला की तो सकृद्दर्शनी खरेदीदाराला पोहोचवला असे मानले जाते. 'मी कुरिअरला दिले, माझे काम संपले' असे म्हणणाऱ्या विक्रेत्याला हा आधार सापडतो खरा, पण त्याच कलमाचा पुढचा भाग तो बहुधा वाचत नाही. मालाचे स्वरूप पाहून वाहतूकदाराशी वाजवी करार करणे ही विक्रेत्याची जबाबदारी आहे, आणि ती पाळली नसेल व माल वाटेत गहाळ झाला, तर ही डिलिव्हरी मान्य नाही असे म्हणण्याचा किंवा विक्रेत्याकडे नुकसानभरपाई मागण्याचा अधिकार खरेदीदाराला आहे. 18,000 रुपयांची पैठणी मूल्य न लिहिता, विमा न उतरवता, साध्या दराने पाठवणे वाजवी ठरेल का, याचे उत्तर मला तरी 'नाही' असेच वाटते.

आता विक्रेत्या बाईंच्या बाजूने पाहू. पार्सल बाजारपेठेने नेमलेला माणूस घेऊन गेला असेल, तर त्यांचा करार बाजारपेठेशी आहे आणि दावा विक्रेता-करारात दिलेल्या मुदतीत, तिथल्याच खात्यातून लावावा लागतो. ही मुदत अनेकदा फार थोडी असते. पिकअपच्या वेळी किती पार्सले दिली याची सही घेतलेली यादी हाताशी नसेल, तर 'पार्सल आमच्याकडे आलेच नाही' या उत्तरापुढे विक्रेता हतबल होतो.

बाईंनी स्वतः कुरिअर केले असेल, तर सगळी मदार बुकिंगच्या पावतीवर आहे. या पावतीकडे जरा जवळून पाहा. मालाच्या रकान्यात 'कपडे' एवढाच शब्द असतो, मूल्याचा रकाना कोरा असतो किंवा दर वाढू नये म्हणून तिथे 500 लिहिलेले असते, आणि मागे बारीक अक्षरांत जबाबदारीची मर्यादा छापलेली असते. 2007 च्या रस्ते वाहतूक कायद्यात कुरिअर संस्थेचा समावेश आहे आणि हरवलेल्या मालाबाबत तिचा निष्काळजीपणा सिद्ध करण्याची गरज नाही. हा मोठाच दिलासा असला तरी जादा जोखमीचा दर (जास्त भरपाईच्या हमीसाठी भरायचे वाढीव भाडे) भरलेला नसेल तर भरपाई भाड्याच्या दहापटीपुरती आणि तीही जाहीर केलेल्या मूल्याच्या मर्यादेत मिळते. म्हणजे 120 रुपये भाडे भरले असेल तर फार तर 1,200 रुपये, आणि मूल्य 500 लिहिले असेल तर 500 रुपयेच! शिवाय बुकिंगच्या तारखेपासून 180 दिवसांच्या आत लेखी नोटीस पोहोचली पाहिजे. फोनवरची तक्रार किंवा चॅटमधला 'तिकीट क्रमांक' म्हणजे ती नोटीस नव्हे. छापील अटी न वाचता सही केली, ही सबबही सहसा चालत नाही. जर्मनीला पाठवलेली कागदपत्रे न पोहोचल्याच्या भारती निटिंग विरुद्ध डीएचएल या खटल्यात 1996 साली सर्वोच्च न्यायालयाने पावतीवर छापलेली 100 डॉलरची मर्यादा ग्राह्य धरली होती.

टपाल खात्याचे गणित आणखी निराळे आहे. 1898 च्या कायद्याने खात्याला दिलेले संरक्षण जून 2024 पासून लागू झालेल्या नव्या कायद्यातही बव्हंशी कायम आहे. खात्याचे दायित्व नियमांत ठरवून दिले असेल तेवढेच. मौल्यवान वस्तू टपालाने पाठवताना विमा उतरवणे हाच खरा उपाय.

पार्सल मिळालेले नसताना पडद्यावर 'डिलिव्हर्ड' दिसले, तर त्याच दिवशी ईमेलने कळवून पोहोच दिल्याचा पुरावा मागावा: कोणाची सही, कोणता फोटो, ओटीपी कोणत्या क्रमांकावर गेला. आठवड्याने केलेल्या तक्रारीला तेवढे वजन राहत नाही.

एवढे करूनही दाद मिळाली नाही, तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. तिथला प्रयत्न समझोत्याचा असतो. आदेश हवा असेल तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जावे लागते. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे नागपूरच्या बाईंना नागपुरातच तक्रार दाखल करता येते, मुदत दोन वर्षांची आहे आणि वस्तूसाठी मोजलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. येवल्याच्या बाईंपुढे मात्र 'तुम्ही व्यापारी आहात, ग्राहक नव्हे' हा आक्षेप हमखास येईल. त्यांनी आपण स्वयंरोजगारातून पोट भरतो हे तक्रारीतच स्पष्ट लिहावे, कारण स्वयंरोजगारातून उपजीविकेसाठी घेतलेल्या वस्तूंचा वापर कायदा व्यापारी हेतूचा मानत नाही; 2019 च्या कायद्याच्या त्या स्पष्टीकरणात सेवेचा उल्लेख मात्र नाही. मोठी पेढी असेल तर तिला दिवाणी न्यायालयाची पायरी चढावी लागेल. आणि पावतीवरची मर्यादाच अन्याय्य आहे असे म्हणायचे असेल, तर ती अट रद्द ठरवण्याचा अधिकार जिल्हा आयोगाला नाही. त्यासाठी राज्य आयोगाकडेच दाद मागावी लागते.