काळ्या जमिनीची पारख

(दृश्य : इंदूरजवळच्या सांवेरकडचं शिवार, मे महिना. गहू निघालेलं रिकामं शेत.)

मे महिन्यात माळव्याची काळी जमीन अशी उलते, की भेगेत हात घातला तर कोपरापर्यंत आत जातो. पहिल्या पावसाचं पाणी ह्याच भेगांतून खाली उतरतं. मग माती फुगते, भेगा मिटतात. त्यानंतरचा पाऊस शेतात मुरणार की बांध फोडून ओढ्याला जाणार, हे त्या जमिनीच्या प्रकृतीवर ठरतं.

‘पग पग रोटी, डग डग नीर’ अशी माळव्याची ख्याती. पण ज्या शेताला ट्यूबवेल नाही, तिथं नीर म्हणजे मातीत साठलेला पाऊसच. मीटरभर खोल काळी जमीन पिकाला उपयोगी पडेल असं साधारण १५० ते २०० मिलिमीटर पाणी धरून ठेवू शकते. कोरडवाहू हरभरा त्याच ओलीवर निघतो. म्हणून अशा जमिनीची पारख करताना पहिला प्रश्न नत्र-स्फुरदासारख्या अन्नद्रव्यांचा नाही, पाण्याचा विचारायला हवा.

(दृश्य : ओसरीवर पाण्याने भरलेले काचेचे दोन ग्लास.)

शेतमालक काका दोन ढेकळं घेऊन आले आहेत. दोन्ही वाळलेली, सुपारीएवढी. एक शेताच्या मधलं, दुसरं बांधावरच्या गवताखालचं. माती एकच, फक्त बांधावर कधी नांगर फिरला नाही. दोन्ही ढेकळं एकाच वेळी चहाच्या गाळणीत ठेवून पाण्यात सोडली. शेतातल्या ढेकळातून बुडबुडे आले, कडा ढासळल्या आणि बघता बघता तळाशी गाळ साचला. बांधावरचं ढेकूळ भिजलं, थोडं सुटलं, पण गाळणीत टिकून राहिलं. गवताची बारीक मुळं आणि कुजलेला पाला यांनी त्याचे कण बांधून ठेवले आहेत.

“काका, शेतात शेणखत शेवटचं कधी पडलं?”

“बैल होते तोवर पडायचं रे. आता ट्रॅक्टर आहे, आणि नरवाई लोक जाळून टाकतात.”

गव्हाची ही धसकटं, म्हणजे नरवाई, जाळली की जे कुजून मातीत जायचं ते धूर होऊन जातं. हे आमच्या मनाला फार लागतं, कारण नुकसान डोळ्यांसमोर होत असतं.

(दृश्य : जमिनीत ठोकलेला पत्र्याचा, दोन्ही बाजूंनी उघडा डबा.)

पाणी मुरण्याचा वेग असा मोजतात. ठरलेलं माप पाणी ओतायचं आणि घड्याळ लावायचं. भेगाळलेल्या जमिनीत पहिलं माप फसवं असतं, ते भेगेत गडप होतं. माती भिजल्यावर ओतलेलं दुसरं माप खरं सांगतं. तेही रेंगाळलं, तर कुदळीने खणून पाहावं. नांगराच्या तासाखाली अनेकदा दडपलेला घट्ट थर सापडतो, आणि मुळं तिथं आडवी वळलेली दिसतात.

आता प्रयोगशाळा. २०१५ पासून सरकारकडून मिळणाऱ्या मृदा आरोग्य पत्रिकेत, म्हणजे माती तपासणीच्या अहवालात, सामू (pH), क्षारता, सेंद्रिय कर्ब (कुजलेल्या पाल्याशेणातला कार्बन) आणि नत्रापासून बोरॉनपर्यंतची अन्नद्रव्यं मिळून १२ गोष्टी असतात. कोरडवाहू शेतकऱ्याने आधी सेंद्रिय कर्बाची ओळ वाचावी. ०.५ टक्क्याखाली असेल तर तो कमी समजतात.

पण पत्रिका नमुन्याइतकीच खरी. नागमोडी चालत दहा-बारा ठिकाणी इंग्रजी व्ही अक्षरासारखा १५ सेंटिमीटरचा खड्डा घ्यायचा, त्याच्या कडेची वरपासून खालपर्यंत सारखी चकती काढायची. सगळी माती मिसळून चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे, अर्धा किलो उरेपर्यंत. बांध, झाडाखालची जागा, उकिरडा इथली माती ह्यात नको. आणि युरियाच्या रिकाम्या गोणीत तर मुळीच भरू नये. तिथं नमुना कामातून गेला.

(दृश्य : इंदूरचं कृषी महाविद्यालय.)

काडीकचऱ्याचं खत करून मातीत सेंद्रिय कर्ब परत घालण्याच्या विषयात इंदूरचं नाव जगात आहे. होळकर दरबाराने दिलेल्या जमिनीवर १९२४ मध्ये इथं इंग्रज कृषिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड यांची संस्था उभी राहिली. रसायनाची बाजू यशवंत वाड यांच्याकडे होती. काडीकचरा, शेण, गोमूत्र मुरलेली माती आणि राख थरांनी रचून, वेळच्या वेळी परतून, सुमारे तीन महिन्यांत खत करण्याची ह्या दोघांची रीत ‘इंदूर पद्धत’ म्हणून ओळखली जाते. दोघांनी मिळून १९३१ साली ती पुस्तकरूपाने मांडली. आपल्या मराठी घरांत वाडांचं नाव हॉवर्डच्या बरोबरीने घेतलं जायला हवं.

(दृश्य : पुन्हा शेत. काकू दोन कापडी पिशव्यांवर चिठ्ठ्या बांधत आहेत.)

काकूंनी शेताचे दोन भाग केले आहेत. ओढ्याकडच्या भागात नरवाई न जाळता खतात घालायची, रस्त्याकडचा भाग आहे तसा ठेवायचा. आज दोन्हींचे नमुने वेगवेगळे जातील. “अहो, खुंटी जरा पक्की ठोका,” त्या काकांना सांगतात, “पुढच्या मे महिन्यात ह्याच जागेची माती काढायची आहे.”