गोळी सुरू करताना आणि सोडताना

नमस्कार. एसिटालोप्राम, सर्ट्रालिन, फ्लुओक्सेटिन: नैराश्यासाठी दिल्या जाणाऱ्या या गटातल्या गोळ्यांबद्दल आज बोलायचं आहे. कितीतरी घरांत ही पट्टी कपाटात कपड्यांमागे ठेवलेली असते. म्हणूनच चारचौघांत बोलूया.

या गोळीची अडचण अशी, की त्रास आधी होतो आणि गुण नंतर येतो. पहिल्या आठवड्यातच मळमळतं, पोट बिघडतं, डोकं दुखतं. कुणाची झोप उडते, कुणाला दिवसभर पेंग येते. मन हलकं व्हायला मात्र दोन ते चार आठवडे लागतात, कधी सहा. त्या मधल्या दिवसांत 'मला नाही सोसत' म्हणून माणूस गोळी सोडतो, आणि मला त्याचं फार वाईट वाटतं, कारण पोटाचा त्रास बहुतेकांचा एकदोन आठवड्यांत ओसरतो. गोळी जेवणानंतर घ्या. झोप उडत असेल तर सकाळी घेता येते, पेंग येत असेल तर रात्री. तरी जमलं नाही तर डॉक्टर मात्रा कमी करतात किंवा औषध बदलतात. पण त्यांना कळायला तर हवं!

एक त्रास असा, जो सहसा आपोआप ओसरत नाही आणि कुणी सांगतही नाही: लैंगिक इच्छा कमी होणं. नवरा-बायकोत अबोला येतो, कारण दोघांनाही ठाऊक नसतं. हा औषधाचा परिणाम आहे, त्यावर उपाय करता येतो. लाजू नका.

आता ज्यात थांबून चालत नाही ते. तरुण मुलांमध्ये सुरुवातीच्या आठवड्यांत आत्महत्येचे विचार वाढू शकतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2004 मध्ये मुलांसाठी तसा ठळक इशारा छापायला लावला आणि 2007 मध्ये तो 24 वर्षांपर्यंतच्या तरुणांना लागू केला. याचा अर्थ औषध देऊच नये असा नाही. त्या दिवसांत मुलाला एकटं सोडू नये, असा आहे. मुलगा एकदम अस्वस्थ झाला, जीव नकोसा झाल्याचं बोलला, तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका. 14416 हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा मोफत क्रमांक आहे, तिथे मराठीतही बोलता येतं; जिवाला धोका वाटला तर मात्र थेट इस्पितळ गाठा. तसंच, झोप न घेताही माणूस ताजातवाना, अखंड बडबड, पैशांची उधळपट्टी, असं दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा.

घरातल्या आजी-आजोबांचं वेगळं. या गोळीने रक्तातलं सोडियम उतरू शकतं, त्यातही रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर जास्त. आजी अचानक गोंधळल्या, तोल जायला लागला, तर 'वय झालं' म्हणू नका, रक्त तपासा. गुडघेदुखीसाठी दुकानातून आणलेली आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांच्या जोडीने पोटात रक्तस्रावाचा धोका वाढतो. ट्रामाडॉल ही दुखण्यावरची गोळी तर न विचारता घेऊच नका.

आपल्याकडे एसिटालोप्राम आणि घबराट शमवणारं क्लोनाझेपाम एकाच गोळीत मिळतात. यातल्या क्लोनाझेपामची सवय लागते, एसिटालोप्रामची तशी लागत नाही. आपल्या गोळीत नेमकं काय आहे, ते पट्टी उलटून वाचा आणि डॉक्टरांना विचारा.

सवय लागत नाही म्हणून एकदम बंदही करू नका. चक्कर, चिडचिड, डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखं वाटणं, हे एकदम सोडल्याने होतं. माणसाला वाटतं आजार परतला. मात्रा हळूहळू, काही आठवड्यांत, कधी काही महिन्यांत उतरवावी लागते. फ्लुओक्सेटिन शरीरात बराच काळ टिकतं, त्यामुळे ते सोडताना त्रास कमी होतो. पॅरोक्सेटिन आणि व्हेनलाफॅक्सिन या नैराश्यावरच्याच गोळ्यांचा जास्त.

एका ताईंनी चिठ्ठी पाठवली आहे: आयुष्यभर घ्यावी लागेल का? ताई, पहिल्यांदाच आजार झाला असेल तर बरं वाटायला लागल्यावर साधारण सहा ते नऊ महिने. पुन्हापुन्हा होत असेल तर जास्त काळ, काहींना वर्षानुवर्षं. दिवस जाण्याचा विचार असेल तर गोळी परस्पर बंद न करता आधीच डॉक्टरांना भेटा.