टुंगारा बेडकाची साद

पनामाच्या सखल जंगलात पावसाळी सरी कोसळून गेल्या, की अंधार पडताच उथळ डबक्यांत टुंगारा बेडकाचे नर येऊन बसतात. या प्राण्याची लांबी जेमतेम ३ सेंटीमीटर असते. त्याचे तपकिरी, खडबडीत अंग चिखलात सहसा नजरेस पडत नाही. मात्र तो ओरडू लागला, की गळ्याखालची स्वरपिशवी जवळजवळ त्याच्या देहाएवढी फुगते.

त्याच्या सादेचा पहिला भाग म्हणजे वरच्या पट्टीतून झरकन खाली घसरणारा सूर. एकटा नर बहुधा तेवढ्यावरच थांबतो. आसपास इतर नर ओरडू लागले, की तो सुराच्या शेवटी ‘चक्’ असा आखूड ठोका जोडतो, आणि चुरस वाढेल तसे ठोकेही वाढवतो. माद्यांना ठोक्यांची साद अधिक भावते. तरीही नर हे ठोके सढळपणे वापरत नाहीत, कारण ऐकणाऱ्यांत केवळ माद्या नसतात.

१९८०च्या दशकाच्या सुरुवातीला मायकेल रायन आणि मर्लिन टटल या संशोधकांनी पनामातील बारो कोलोराडो बेटावर ध्वनिक्षेपकांतून अशा सादा ऐकवल्या, तेव्हा बेडूक खाणारी वटवाघळेही ठोक्यांच्या सादेकडेच अधिक वळली. रक्त शोषणारी चिलटेसुद्धा याच आवाजाच्या रोखाने येतात. वटवाघूळ डोक्यावर आल्याची चाहूल लागताच नर गप्प होतो. पण हलणाऱ्या पिशवीमुळे उठलेले तरंग आणखी काही क्षण पाण्यावर पसरत राहतात, आणि वटवाघूळ प्रतिध्वनीच्या आधारे ते नेमके टिपते. आवाज आवरणे नराच्या हाती असते, पाणी थांबवणे नसते. एवढ्याशा जिवाची ही कोंडी पाहताना मन खरोखर हेलावते.

शहरी वस्तीत वटवाघळे आणि चिलटे दोन्ही कमी असल्याने तेथील नर अधिक ठोके जोडतात. संशोधकांनी त्यांना जंगलात नेले, तेव्हा त्यांनी ते आवरते घेतले.

जोडी जमल्यावर नर मादीच्या पाठीवर बसतो आणि तिने सोडलेला द्रव मागच्या पायांनी घुसळून त्याचा पांढरा फेस करतो. अंडी या तरंगत्या फेसात राहतात. त्यातील प्रथिनांमुळे तो अनेक दिवस विरत नाही, आणि उन्हापासून व जंतूंपासून अंड्यांचे रक्षण होते. काही दिवसांत अंडी फुटून बेडूकमासे पाण्यात उतरतात. मधल्या काळात डबके आटलेच, तर पुढची सर येईपर्यंत ते फेसातच तग धरतात.