महाधमनीचा फुगा : न दुखणारं दुखणं

नमस्कार, श्रोतेहो.

१९४८च्या डिसेंबरात न्यूयॉर्कमध्ये सर्जन रुडॉल्फ निसेन यांनी अल्बर्ट आइनस्टाइन यांचं पोट उघडलं. आत महाधमनीला, म्हणजे हृदयातून निघून पोटात उतरणाऱ्या मुख्य रक्तवाहिनीला, मोठ्या मोसंबीएवढा फुगा आला होता. तो कापून तिथे नवी नळी बसवायची सोय तेव्हा नव्हती. मग निसेननी त्यावर सेलोफेन गुंडाळलं. हो, मिठाईच्या खोक्यावरचा तोच चकचकीत कागद! त्याने भोवतालचा भाग चिडतो, जाड व्रण धरतो आणि भिंतीला टेकू मिळतो. त्या टेकूवर आइनस्टाइन सहा वर्षं जगले. १९५५च्या एप्रिलमध्ये फुगा फुटला. तोवर नळी बदलण्याचं ऑपरेशन निघालं होतं, पण त्यांनी ते नाकारलं.

डॉक्टर याला ॲन्युरिझम म्हणतात. पोटातली महाधमनी साधारण दोन सेंटीमीटर रुंद असते; तीनवर गेली की ॲन्युरिझम. वयाने, रक्तदाबाने, आणि सगळ्यात जास्त विडी-सिगारेटने तिची भिंत कमकुवत होते. पुरुषांत हे प्रमाण बरंच जास्त आहे. वडिलांना किंवा भावाला असेल, तर आपल्यालाही धोका.

पंचाईत अशी की हा फुगा दुखत नाही. मुतखड्यासाठी सोनोग्राफी करायला जावं आणि रिपोर्टात हे निघावं, असं बऱ्याचदा होतं. इंग्लंडमध्ये पासष्टीच्या पुरुषांना या तपासणीचं सरकारी बोलावणं येतं. आपल्याकडे तसं येत नाही, तेव्हा आपणच विचारायचं. पासष्टी ओलांडली असेल आणि कधीकाळी धूम्रपान केलं असेल, तर डॉक्टरांना म्हणा, ‘महाधमनीही बघून घ्या.’ सुई नाही, भूल नाही.

फुगा सापडला म्हणून लगेच ऑपरेशन होतं असं नाही. लहान असेल तर सिगारेट बंद, रक्तदाब ताब्यात आणि ठरावीक मुदतीने पुन्हा सोनोग्राफी. पुरुषांत साडेपाच सेंटीमीटरच्या आसपास, बायकांत थोडं आधीच, किंवा तो भराभर वाढू लागला तर दुरुस्तीचा विचार होतो. एक तर पोट उघडून कृत्रिम नळी शिवतात, नाहीतर जांघेतल्या धमनीतून घडी केलेला स्टेंट-ग्राफ्ट, म्हणजे धातूच्या जाळीचा आधार असलेली कापडी नळी, वर सरकवून आतून अस्तर लावतात. ही दुसरी पद्धत १९९०मध्ये ब्यूनोस आयरेसचे हुआन पारोदी यांनी पोटातल्या फुग्यासाठी पहिल्यांदा वापरली. घरी लवकर जाता येतं खरं, पण पुढे आयुष्यभर तपासण्या कराव्या लागतात, कारण अस्तराच्या कडेने रक्त झिरपू शकतं.

आता तातडीचं. पोटात किंवा पाठीत अचानक असह्य कळ, दरदरून घाम, चक्कर. वयस्कर माणसाला असं झालं तर गॅस म्हणून ओवा देत बसू नका, पोट चोळू नका. फुगा फुटला असेल, तर वाचण्याची आशा मिनिटागणिक कमी होते. १०८ लावा. ॲन्युरिझम आहे हे आधी माहीत असेल, तर फोनवरच सांगा आणि जुना रिपोर्ट बरोबर घ्या.