अफू आणि पांढऱ्या पेशी

श्रोतेहो, नमस्कार. मॉर्फिन, फेंटानिल, कोडीन, ट्रामाडॉल ही अफूच्या घराण्यातली वेदनाशामकं. त्यांनी गुंगी येते, पोट साफ होत नाही, हे आपण ऐकून असतो. ती शरीरातल्या पांढऱ्या पेशींनाही सुस्त करतात, हे मात्र क्वचितच कानावर येतं. खरं तर ही माहिती सव्वाशे वर्षं जुनी आहे.

साल १८९८. पॅरिसची पाश्चर संस्था. रोगजंतूंना मारतं कोण, रक्तातला द्रव की जंतू गिळणाऱ्या पेशी, यावर तेव्हा मोठा वाद पेटला होता. याच संस्थेतले शास्त्रज्ञ मेच्निकॉफ पेशींच्या बाजूचे. पण १८९४ मध्ये जर्मनीच्या फायफर यांनी दाखवलं होतं, की लस दिलेल्या गिनीपिगच्या पोटातल्या द्रवात कॉलऱ्याचे जंतू विरघळून जातात. द्रवाचं पारडं जड झालं. तेव्हा मेच्निकॉफ यांच्याकडे काम करणाऱ्या योन कांटाकुझिनो या रुमानियन डॉक्टरांनी फार नेमका प्रश्न धरला: पेशींनाच थोडा वेळ रोखून धरलं तर? रोखायला त्यांनी निवडली अफू. गिनीपिगला अफूचा अर्क दिला आणि पोटात कॉलऱ्याचे जंतू सोडले. एरवी पांढऱ्या पेशी रक्तवाहिन्यांच्या भिंतीतून निसटून जंतूंवर तुटून पडतात. अफू दिल्यावर त्या उशिरा आल्या. तोवर जंतू बळावले आणि जनावर दगावलं. पुन्हा सांगतो: पेशी शरीरात होत्या, पण वेळेवर पोचल्या नाहीत. मला हा प्रयोग फार आवडतो. औषधाचा दुष्परिणाम शोधायला इथे कुणी निघालंच नव्हतं. अफू हे फक्त पेशींना बांधून ठेवायचं दावं होतं.

पुढे १९७९ मध्ये माणसाच्या टी-पेशींवर, म्हणजे पांढऱ्या पेशींच्याच एका प्रकारावर, मॉर्फिनचा थेट परिणाम दिसला, आणि नॅलोक्सोन हा अफूवर्गीय औषधांचा उतारा घातल्यावर तो पुसला गेला. दुसरी वाट मेंदूतून जाते: कॉर्टिसॉल आणि नॉरॲड्रेनलिन ही ताणाची संप्रेरकं वाढतात, विषाणूबाधित पेशी मारणाऱ्या एनके पेशी मंदावतात. सगळी औषधं सारखी नाहीत. मॉर्फिन आणि फेंटानिल जास्त दाबतात. ब्यूप्रेनॉर्फिन (हेही याच घराण्यातलं) आणि ट्रामाडॉल कमी, असं प्रामुख्याने प्राण्यांवरच्या प्रयोगांतून दिसतं.

म्हणून शस्त्रक्रियेनंतर दुखणं दात-ओठ खाऊन सोसायचं का? मुळीच नाही. तीव्र वेदनेनेही कॉर्टिसॉल वाढतं आणि याच पेशी दबतात. डॉक्टरांना विचारून पॅरासिटामॉलची जोड घ्या, म्हणजे अफूवर्गीय औषध कमी लागतं. निरोगी प्रौढाला पॅरासिटामॉल साधारणपणे दिवसाला जास्तीत जास्त ४ ग्रॅम. वजन ५० किलोपेक्षा कमी असेल किंवा यकृताचा त्रास असेल तर त्याहून कमी. मिश्र गोळ्यांतलं पॅरासिटामॉलही यात मोजा. एक मेख आहे: पॅरासिटामॉल ताप झाकतं. म्हणून गोळी घेण्याआधी ताप मोजा. गोळी घेण्याआधी, बरं का. ३८ अंश सेल्सियस किंवा वर गेला तर डॉक्टरांना कळवा.

अफूवर्गीय औषधं खोकल्याची उबळही दाबतात आणि श्वास उथळ करतात. कफ छातीत साचला, त्यात पेशी सुस्त, की न्यूमोनियाला वाट मोकळी. जागेपणी तासातासाला दहा खोल श्वास घ्या, टाक्यांवर उशी दाबून खोका.

आणि एक आग्रह: चिठ्ठीवर अफूवर्गीय औषध सुरू करायची तारीख असते, तशी थांबवायची तारीखही लिहिलेली हवी. नसेल तर विचारा. मात्र आठवडेच्या आठवडे घेत असाल तर एकदम बंद करू नका. मात्रा टप्प्याटप्प्याने कशी उतरवायची, ते डॉक्टरांकडून लिहून घ्या.