स्टॅग मास्तर

मंडळी, आधी एक खुलासा करतो. कोल्हापुरात पेठापेठांत ज्याच्यावरून चुरस लागते, तो फुटबॉल आजचा विषय नाही. हा अमेरिकन फुटबॉल. चेंडू दोन्ही टोकांना निमुळता, बहुतेक वेळ हातातच, आणि समोरच्याला धरून आडवं पाडणं नियमात बसणारं.

या खेळाचे गाजलेले प्रशिक्षक अमॉस अलॉन्झो स्टॅग यांचा जन्म 1862चा, न्यू जर्सीतल्या वेस्ट ऑरेंजचा. वडील जोडे शिवायचे. मुलाला व्हायचं होतं धर्मोपदेशक, म्हणून तो येल विद्यापीठात गेला आणि गाजला मात्र बेसबॉलचा पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा, म्हणून. 1889 साली पहिलावहिला ऑल-अमेरिका फुटबॉल संघ, म्हणजे देशभरातल्या कॉलेजांतल्या सर्वोत्तम खेळाडूंची यादी, निवडला गेला, त्यातही स्टॅग होते. लोळवण्याचा सराव करायला गादीची वळकटी टांगायची युक्ती त्यांचीच, येलच्या दिवसांतली. पण चार लोकांपुढे प्रवचन करायला उभे राहिले की गाडी अडायची. इथे माइकसमोर उभं राहून हे सांगताना मलाच जरा चोरट्यासारखं होतंय. शेवटी त्यांनी ठरवलं, व्यासपीठ आपल्याला जमणारं नाही. पोरं घडवायची ती मैदानावर.

मग ते स्प्रिंगफील्डला वायएमसीए या ख्रिस्ती युवक संघटनेच्या प्रशिक्षण शाळेत गेले. तिथे जेम्स नेस्मिथ सोबत होते. 1891च्या डिसेंबरात याच नेस्मिथनी व्यायामशाळेच्या गॅलरीला पीचच्या टोपल्या ठोकून बास्केटबॉल सुरू केला. पुढच्या मार्चमध्ये लोकांसमोर पहिला सामना झाला, मास्तर विरुद्ध विद्यार्थी. मास्तर 5-1 असे हरले. तो एकमेव गुण स्टॅग यांचा! अंगात फुटबॉल इतका भिनलेला, की समोरच्याला ढकलून ढकलून फाऊल करत राहिले. वर्तमानपत्रानंही ते टिपून ठेवलंय.

1892 साली शिकागो विद्यापीठ उघडलं. अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर हे येलमधले स्टॅग यांचे गुरुजी. त्यांनी स्टॅगना वर्षाला 2,500 डॉलरवर बोलावलं, तेही सहयोगी प्राध्यापक म्हणून, कायम नोकरीवर. त्या काळी प्रशिक्षक म्हणजे हंगामापुरता आलेला एखादा माजी खेळाडू. स्टॅग पगारपत्रकावरचे मास्तर झाले, ही मला त्यांच्या सगळ्या डावपेचांहून मोठी गोष्ट वाटते. पहिल्या वर्षी खेळाडूच पुरेसे नव्हते, तेव्हा मास्तर स्वतः संघात उतरले.

दारू नाही, तंबाखू नाही, शिवी नाही. फारच संताप आला तर खेळाडूला 'जॅकअॅस' म्हणायचे, म्हणजे गाढव. त्याच्या वरची पायरी 'डबल जॅकअॅस'.

आता दुसरी बाजू. हार्परना नव्या विद्यापीठाचं नाव देशभर व्हायला हवं होतं आणि जिंकणारा संघ ही त्याची सोपी वाट होती. 30 नोव्हेंबर 1905ला शिकागोनं मिशिगनला 2-0 असं हरवलं. मिशिगन त्याआधी सलग 56 सामने हरलं नव्हतं. पण त्याच महिन्यात एका साप्ताहिकानं लेखमाला छापून दाखवलं होतं, की खेळाडूंसाठी प्रवेशाचे आणि अभ्यासाचे नियम कसे वाकवले जातात. त्यात शिकागोचंही नाव होतं. पोरांचं चारित्र्य घडवायला निघालेल्या माणसाच्या अंगणातच हे चाललेलं. स्टॅगभक्त या पानावर फार रेंगाळत नाहीत. मला ते पान वगळता येत नाही.

खेळातली हाणामारी फार वाढली म्हणून त्याच हंगामाच्या सुरुवातीला अमेरिकेचे अध्यक्ष थिओडोर रूझवेल्टनी बड्या विद्यापीठांच्या लोकांना व्हाइट हाउसमध्ये बोलावून घेतलं होतं. तरी त्या हंगामात मैदानावर बरीच मुलं दगावली. 1906 पासून चेंडू पुढे फेकायला परवानगी मिळाली आणि खेळ घोळक्याच्या रेटारेटीतून बाहेर पडला. नियम समितीत स्टॅग होतेच.

शिकागोत 41 हंगाम काढले. मग सत्तरी झाली आणि विद्यापीठानं नियमावर बोट ठेवून निवृत्त केलं. घरी बसतील ते स्टॅग कसले! 1933ला कॅलिफोर्नियात स्टॉक्टनला गेले, कॉलेज ऑफ द पॅसिफिकचा छोटा संघ हाती घेतला. 1938 साली तोच संघ घेऊन शिकागोला आले, स्वतःचं नाव दिलेल्या स्टॅग फील्डवर, आणि आपल्याच जुन्या विद्यापीठाला 32-0 असं धुतलं. वर्षभरानं, 1939च्या डिसेंबरात, शिकागोनं मोठ्या स्पर्धांचा फुटबॉल बंदच केला. मैदान ओस पडलं. डिसेंबर 1942ला त्याच्याच प्रेक्षकसज्जाखाली, स्क्वॉशसारख्या एका कोर्टात, भौतिकशास्त्रज्ञ एन्रिको फर्मी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जगातली पहिली नियंत्रित अणुसाखळी, म्हणजे एकातून दुसरा अणू फुटत जाण्याची साखळी प्रक्रिया, चालवली.

स्टॅग तेव्हा स्टॉक्टनमध्ये सराव घेत होते. पुढच्याच वर्षी, वयाच्या 81व्या वर्षी, ते देशातले सर्वोत्तम प्रशिक्षक ठरले. नंतर पेनसिल्व्हेनियातल्या सस्क्वेहाना विद्यापीठात मुलाच्या जोडीनं काम केलं. बायको स्टेला संसाराइतकीच खेळातलीही जोडीदार होती. सामन्यात बसून डाव कागदावर आखायची, प्रतिस्पर्ध्यांची टेहळणी करायची. तिची तब्येत बिघडली तेव्हा दोघं स्टॉक्टनला परतले. तिथल्या ज्युनियर कॉलेजात मास्तर पोरांना चेंडूला लाथ कशी मारायची ते शिकवू लागले. ते काम 1960ला सोडलं, तेव्हा वय होतं 98.